रुमाल बांधण्याआधी

मला लग्नसराई आवडत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे बोलले की लोकांना वाटतं, चला, आपल्या बाजूचं एक माणूस वाढलं. तसं काही नाही. त्यांना त्रास होतो तो फक्त दुसऱ्याच्या लग्नाचा. आमच्या सेक्रेटरींच्या, म्हणजे सामंतांच्या मुलाच्या रिसेप्शनला हॉलमध्ये स्पीकर इतके चढवले होते की मी कानात कापसाचे बोळे घालून श्रीखंड खाल्लं. तेव्हा कोणी तक्रारअर्ज लिहिला नाही.

एप्रिल लागला की शिरवण्यात मांडव पडायला सुरुवात होते. गाव आणि आमची इमारत यांच्यामध्ये एक रस्ता आणि एक नाला एवढंच अंतर. चारच्या सुमारास टेम्पो येतो, त्यातून काळे खोके उतरतात, एकावर एक रचले जातात आणि मग सुरू होतं, ‘चेक, चेक, माइक चेक.’ माझ्या स्वयंपाकघरातले डबे मांडणीवर थरथरतात. मी चहा गाळत असते आणि कान आपणहून कामाला लागतात. अर्थिंग नीट नाही, म्हणून घरघर येतेय. डावीकडचा एक स्पीकर फाटलाय. मधला आवाज दाबलाय आणि खालचा नको तितका उचललाय. नोकरी सोडून वीस-बावीस वर्षं झाली, पण कानांना कोणी निवृत्त करत नाही.

मग गाणी सुरू होतात, आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या गाण्याला ते लागतं. दरवर्षी लागतं. प्रत्येक हळदीला लागतं. ढोलाच्या, बेसच्या आणि कसल्या कसल्या शिट्ट्यांच्या खाली गाडलेला एका म्हातारीचा आवाज, आणि त्या आवाजाबरोबर बांगड्या. ज्याने हे गाणं असं कापून, चिकटवून बनवलं, त्याला त्या बांगड्या फार आवडल्या असाव्यात. त्याने त्यांचाच ठेका केलाय. पोरं त्यावर नाचतात. मी खिडक्या लावून घेते. काचेने बाकी सगळं अडलं तरी माझ्या कानांत बांगड्या तेवढ्या येतात.

ते रेकॉर्डिंग माझं आहे.

नव्वदीतल्या कुठल्याशा वर्षाचा तो एप्रिल. एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आमचा स्टुडिओ होता. पूर्वी तिथे प्लास्टिकच्या बादल्या बनत असत. नवनव्या वाहिन्या निघत होत्या आणि जागा मिळेल तिथे भिंतींना गोणपाट आणि जुने गालिचे ठोकून स्टुडिओ उभे राहत होते. आमच्या शेजारी रंगाचा कारखाना होता. दुपारी वारा पडला की त्याचा वास शेडमध्ये उतरायचा आणि डोळे चुरचुरायचे. वर पत्रे. बाहेर जेवढं ऊन, तेवढंच आत, फक्त उजेड कमी.

मी तिथे ऑडिओ ऑपरेटर होते. स्थळांना पाठवायच्या माहितीत मुलीच्या नोकरीपुढे काय लिहायचं हा आईला पडलेला प्रश्न होता, कारण बेलापूरच्या सरकारी ऑफिसात कारकून असलेल्या माझ्या वडिलांनाही मी नेमकं काय करते ते सांगता यायचं नाही. ‘टीव्हीत आहे’ असं ते म्हणत. समोरचा विचारायचा, दिसते का? नाही दिसत. मग टीव्हीत कशी?

काचेच्या एका बाजूला मी, मिक्सर, हेडफोन आणि स्पूलचं मशीन. दुसऱ्या बाजूला बाकीचं जग. त्या जगात मला नाव नव्हतं. मला ‘साउंड’ म्हणत. ‘साउंड रेडी का?’ ‘साउंडला विचार.’ आणि साउंडचं एक वाक्य होतं ज्यासाठी सगळे माझा मनापासून द्वेष करत. ‘एसी बंद करा.’ एसीची घरघर माइकमध्ये येते. त्यामुळे टेकच्या, म्हणजे खऱ्या रेकॉर्डिंगच्या आधी एसी बंद, पंखे बंद, दार बंद. दोन मिनिटांत कॅमेरामनच्या पाठीवर शर्ट चिकटायचा. पाहुण्यांच्या कपाळावरची पावडर ओघळायची. प्रत्येक वेळी कोणीतरी पुटपुटायचं, बाईमाणसाला मशीनवर बसवलं की असंच होणार. मी हेडफोन लावलेले असत, आणि माइक चालूच असत. मला सगळं ऐकू यायचं. लोक हे हमखास विसरत.

निर्माता होता नाईक. उंच, गोड बोलणारा, घाम न येणारा माणूस. मला कामावर घेताना त्याने सांगितलं होतं, ‘केबल गुंडाळायला तरी मुली बऱ्या. नीट गुंडाळतात.’ सगळे हसले होते. मीही हसले होते. त्या हसण्याचा मला अजून राग येतो, त्याच्यापेक्षा माझा जास्त.

त्या महिन्यात नाईकने लग्नगीतांचा कार्यक्रम काढला. दुपारी, बायका जेवणं आटोपून बसतात त्या वेळेला. रोज एका समाजाची गाणी. पाचवा भाग आगरी गाण्यांचा होता, आणि शिरवण्यातल्या कोणाच्या तरी सोयऱ्यांकडून त्याला चांगुणाबाईंचा पत्ता लागला. द्रोणागिरीच्या बाजूला खाडीकाठी एका गावात त्या राहत. त्या धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर येतो. त्याआधी हळदीपासून मांडवापर्यंत सगळं धवलारीण गाऊन पार पाडते. तिचं गाणं, म्हणजे धवला, हाच मंत्र. देवांना, पितरांना, गावाच्या वेशीला ती गाण्यातून लग्नाला बोलावते, आणि ती बोलावते म्हणून ते येतात, असं मानतात.

त्या आल्या त्या दिवशी शेडमध्ये पाय ठेवताच नाकाला पदर लावून म्हणाल्या, ‘यो वास खाऊन तुमी गानी बोलता?’ सत्तरीच्या आतबाहेरची बाई. बुटकी, काळी, ताठ. गुडघ्यापर्यंतचं लुगडं आणि दोन्ही हातांत मनगटापासून कोपराच्या निम्म्यापर्यंत हिरव्या बांगड्या. सोबत नात होती, रंजना. विशीची, गप्प. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं होतं, शिरवण्यातल्या घरात. तिची आई ती लहान असतानाच मिठागरावर साप चावून गेली होती. हे मला चांगुणाबाईंनीच पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं, मी त्यांच्या पदराला माइक लावत असताना.

मी त्यांना बांगड्या काढायला सांगितल्या. नियमच होता. काचेच्या बांगड्या माइकचा जीव घेतात.

‘काकना नाय उतरनार. नवरा जिता हाय माजा.’

‘मग रुमाल बांधते मी वरून. आवाज येणार नाही.’

‘बांध. पन गानी बोलाच्या टायमाला बांध. आतापासना हात जखडून नको.’

म्हणून मी रुमाल टेबलावर ठेवला आणि काचेच्या आत माझ्या जागी गेले. एसी मी आधीच बंद करायला लावला म्हणून बाकी मंडळी चहा प्यायला बाहेर गेली होती. मला लेव्हल घ्यायची होती. लेव्हल म्हणजे माणूस किती जोरात बोलतो, गातो ते आधी बघून मिक्सर लावायचा, म्हणजे ऐनवेळी आवाज फाटत नाही.

आता इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या म्हाताऱ्या रेकॉर्डिस्टनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की लेव्हल घेताना टेप फिरती ठेवायची आणि लाल दिवा बंद ठेवायचा. दिव्याचं बटण वेगळं, मशीनचं वेगळं. लाल दिवा लागला की माणूस आखडतो. गळा आवळतो, शब्द मोजून येतात. दिवा बंद असला की त्याला वाटतं अजून सुरू नाही, आणि मग तो जसा आहे तसा गातो. खरं गाणं रिहर्सलमध्येच असतं, टेकमध्ये त्याची नक्कल असते, असं ते म्हणत. मला ही युक्ती फार हुशारीची वाटायची. कित्येक वेळा मी तिच्यावर वाहवा मिळवली होती. ती कोणाच्या तरी भरवशावर चालते, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी आतल्या माइकवरून म्हणाले, ‘आजी, काहीतरी म्हणा. कुठलंही. मोठ्याने.’

त्यांनी लाल दिव्याकडे बघितलं. त्यांना तो आधीच दाखवलेला होता. ‘दिवा बंद हाय ना?’

‘बंद आहे.’

‘टेप पन?’

‘हो,’ मी म्हणाले.

एवढंच. मी विचार करून खोटं बोलले नाही. पण नकळत बोलले असंही म्हणता येत नाही. समोर मशीनवर स्पूल फिरत होतं, आणि मी त्याच्याकडे बघत ‘हो’ म्हणाले. रोजच म्हणत होते.

मग त्या रंजनाला म्हणाल्या, ‘जा गो, चा पिऊन ये.’ ती गेली. दार लागलं. चांगुणाबाई काचेजवळ सरकल्या. ‘तिच्या मांडवाचा धवला केलाय मी. महिना झाला, डोस्क्यान फिरतंय. घरात बोलाला येत नाय, ती आयकल. ह्यो तिच्या मांडवाच्या आदी तिच्या कानाव जाला नको. मांडवान बसली म्हंजे पहिल्यांदा आयकल. आमच्या घरान तशीच रीत हाय. तू आयक, मना सांग आवाज पुरतो का.’

आणि त्या गायल्या.

आत्तापर्यंत मी या लेखात चिडून बोलत आले, पुढेही बोलणार आहे, पण इथे थांबते. मी आयुष्यात शेकडो माणसं रेकॉर्ड केली. नावाजलेली माणसं केली. असं काही पुन्हा माझ्या हेडफोनमध्ये आलं नाही. धवल्यात देवांना बोलावतात. त्या बोलावत होत्या जे उरलं नव्हतं त्याला. ज्या शेतावर आता सेक्टरचा नंबर पडला होता त्या शेताला. रस्त्यासाठी तोडलेल्या चिंचेला. भराव टाकून बुजवलेल्या खाडीच्या त्या फाट्याला, जिथे त्यांचे सासरे होडी बांधत. मिठागराला. एकेकाला नावाने हाक मारून त्या सांगत होत्या, पोरीचं लग्न आहे, मांडवात ये, तुझी जागा ठेवलेय. प्रत्येक हाकेला त्यांचा हात वर जाई आणि बांगड्या खाली घसरत. माझ्या मिक्सरची सुई लाल रेघेला टेकून परत येत होती, एकदाही पलीकडे गेली नाही. एवढा ताबा. मी मिक्सरवरून हात काढून घेतला होता. करण्यासारखं काही नव्हतंच.

मिठागरानंतर त्या थांबल्या.

‘शेवटचा कडवा नाय बोलत. तो तिच्या आयशीचा. तिला मांडवानच बोलावीन.’

‘आवाज पुरतो,’ मी म्हणाले.

‘मंग झाला. ये लग्नाला. तुना तवा पुरता आयकाला भेटंल.’

मग सगळे आत आले. दार बंद झालं. मी रुमाल आणून त्यांच्या बांगड्यांवर घट्ट बांधला, दोन्ही हातांवर. लाल दिवा लागला. त्यांनी कार्यक्रमासाठी ठरलेली तीन गाणी म्हटली. बरोबर म्हटली. घामाने डबडबलेल्या, हात बांधलेल्या, दिव्याकडे बघत एका म्हातारीने जशी म्हणावीत तशी.

त्या गेल्यावर नाईकने टेप ऐकली. पाय टेबलावर, हातात थंड बाटली. तिसरं गाणं संपायच्या आत त्याने हात वर केला. ‘मेलंय हे. बाई मेल्यासारखी गातेय. साउंडने काय केलं काय? बाकी काही नाही का?’

माझ्यासमोर तेव्हा दोन वाटा होत्या, सांगायचं किंवा नाही, आणि दुसरीसाठी काहीही करावं लागत नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. स्पूलवर तो भाग पहिल्या सहा मिनिटांत होता. बाजूच्या कपाटात टेप पुसायचं यंत्र होतं, लोखंडाचा चपटा डबा. त्यावर स्पूल ठेवून एकदा गोल फिरवलं की सगळं साफ. जुन्या टेपा मी रोज तशा पुसायचे.

पण कॅमेरामन हसत होता. नाईक माझ्याकडे न बघता ‘साउंडने’ म्हणाला होता. आणि माझ्याजवळ त्या शेडमध्ये कोणीही कधी केलं नव्हतं असं रेकॉर्डिंग होतं.

‘आहे,’ मी म्हणाले.

मी स्पूल मागे नेलं आणि लावलं. चांगुणाबाई ज्या घडीला गायला लागल्या त्या घडीला शेडमधली माणसं बोलायची थांबली. कॅमेरामनने मान खाली घातली. नाईकने पाय टेबलावरून खाली घेतले. संपल्यावर तो म्हणाला, ‘वा, मॅडम.’ मॅडम. मला आनंद झाला. लपवून काय करू? मला इतका आनंद झाला की गाल गरम झाले.

मग मी म्हणाले की हे वापरायचं नाही, त्यांनी टेप बंद आहे का विचारलं होतं.

‘तू काय म्हणालीस?’

‘हो म्हणाले.’

‘मग प्रश्नच मिटला,’ नाईक हसून म्हणाला. ‘संमतीच्या कागदावर अंगठा आहे तिचा. त्यात कुठलं गाणं ते लिहिलेलं नाही. चित्र लग्नाच्या मांडवांचं लावू. आणि त्यांच्या घरी कोण बघतंय दुपारी टीव्ही? बांगड्या तेवढ्या आहेत त्यात, जातील का?’

‘नाही जाणार.’

‘राहू देत. नॅचरल वाटतं.’

मी घरी गेले. स्पूल त्या रात्री कपाटात होतं, कपाटाची चावी माझ्या पर्समध्ये होती आणि पुसायचं यंत्र त्याच कपाटात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चावी नाईकला दिली. याला मी नाइलाज म्हणत नाही. लोक म्हणतात, नोकरीचा प्रश्न असतो. नव्हता. पुसलं असतं तर फार तर ओरडला असता. मला ते पुसायचं नव्हतं, कारण ते माझं सगळ्यात चांगलं काम होतं, आणि ते कोणीतरी ऐकावं असं मला वाटत होतं. कोणीतरी म्हणजे सगळ्यांनी.

ऐकलं सगळ्यांनी. चौथ्या दिवशी दुपारी ते लागलं, आणि लोकांची पत्रं आली म्हणून पुढच्या आठवड्यात परत लागलं, आणि मग कोणीतरी त्याची कॅसेट काढली. शेडबाहेरच्या चहावाल्याकडे ते वाजायला लागलं. माझ्या आईनेही ऐकलं. ‘हे तू केलंस?’ तिने पहिल्यांदाच विचारलं. मी मान हलवली आणि पानावरून उठले. तिला वाटलं मला भरून आलं.

पत्रिका तोवर येऊन पडली होती, हळदीकुंकू लावलेली, माझ्या नावाच्या जागी ‘टेपवाली ताई’ लिहिलेली. मी लग्नाला गेले. का गेले, हे मी स्वतःला बरेच वेळा विचारलंय. मला वाटलं त्यांना कळलं नसेल. कोण बघतंय दुपारी टीव्ही?

उरणच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना मिठागरं लागतात. मे महिना होता, मीठ ओढून झालेलं होतं आणि बांधांवर पांढरे ढीग होते. सकाळच्या उन्हात डोळे उघडे ठेवता येत नव्हते. गावात मांडव आंब्याच्या डहाळ्यांनी मढवलेला. रंजना पाटावर बसलेली, हळदीने पिवळी, डोळे खाली. चांगुणाबाई तिच्या उजव्या हाताला. त्यांनी मला बघितलं आणि बसायला जागा दाखवली.

विधी चालू होते. जुने धवले झाले, देवांना बोलावून झालं. मग ती वेळ आली. हे मला कळलं कारण सगळ्या बायका एकदम नीट बसल्या. चांगुणाबाई गप्प होत्या. मग मागच्या ओळीतल्या एका बाईने आपणहून सुरुवात केली. शेताला हाक. दुसरीने आवाज लावला, तिसरीने. सगळ्यांना पाठ होतं. पोरींना पाठ होतं. चिंच, खाडीचा फाटा. त्या हौसेने गात होत्या, टीव्हीवर आलेलं आपल्या धवलारणीचं गाणं. आणि रंजनाचे ओठ हलत होते. तिलाही पाठ होतं. जे तिने त्या दिवशी, त्या पाटावर पहिल्यांदा ऐकायचं, ते ती इतरांबरोबर पुटपुटत होती.

मिठागराचं कडवं संपलं आणि सगळ्या थांबल्या, कारण टेप तिथे संपत होती. पुढचं कोणाला माहीत नव्हतं. सगळ्यांनी चांगुणाबाईंकडे बघितलं. रंजनाने वर बघितलं. तिला ठाऊक होतं की आता कोणाची पाळी आहे. शेत आलं, झाड आलं, पाणी आलं, मीठ आलं. एकच जण यायचं राहिलं होतं.

चांगुणाबाईंनी हळदीची वाटी उचलली, बोट बुडवलं, नातीच्या गालाला लावलं. गायल्या नाहीत. मांडवात कोणी हललं नाही. किती वेळ ते मी सांगू शकत नाही. शांतता मोजणं हे माझं काम, तरी नाही सांगता येत. मग कोणीतरी पुढचा विधी काढला आणि माणसं बोलायला लागली.

पंगतीत त्या स्वतः वाढायला आल्या. माझ्या पानावर भात वाढून माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. आवाज चढवला नाही.

‘टीवीवर काकना वाजत व्हती,’ त्या म्हणाल्या. ‘गानी बोलली तवा तू रुमाल बांधला व्हता. म्हंजे ता रुमालाच्या आदीचा.’

मी भातात हात घालून बसले होते.

‘तुना इचारला व्हता मी.’

‘हो.’

‘दोनदा इचारला व्हता. दिव्याचा येगला, टेपचा येगला.’

‘शेवटचं तरी म्हणायचं,’ मी म्हणाले. कुठून धीर आला ठाऊक नाही. ‘ते तर कोणी ऐकलेलं नव्हतं.’

‘गाना बाजारान फिरून आला. त्या वाटेवर तिच्या आयशीला बोलवू?’ त्या उठल्या. ‘जेव. उपाशी जाऊ नको.’

मी जेवले. सगळं पान संपवलं. हेही मला आठवतं आणि याचाही राग येतो.

त्यानंतर मी पाच-सहा वर्षं नोकरी केली. लेव्हल घेताना टेप बंद ठेवू लागले. त्यामुळे माझं काम बिघडलं, आणि बरंच झालं. नाईक पुढे मोठा झाला. मधे एका समारंभात भेटला तर म्हणाला, ‘ती आगरी बाई आठवते? काय आवाज होता. आता अशी माणसं राहिली नाहीत.’ मी त्याला तिथेच चार शब्द सुनावले. जमलेल्या लोकांना वाटलं मला काहीतरी झालंय. त्याला खरोखरच कळलं नाही मी कशाबद्दल बोलतेय. अशा माणसांवर रागावणं म्हणजे भिंतीशी भांडणं, पण मी भांडते. नाहीतर सगळा राग एका जागी साठतो, आणि ती जागा मी आहे.

रंजना शिरवण्यात नांदायला आली, म्हणजे माझ्या खिडकीखालीच. इतक्या वर्षांत ती मला दोनदा बाजारात दिसली. एकदा कोलंबी निवडत होती, एकदा मुलीला शाळेतून आणत होती. दोन्ही वेळा मी रस्ता बदलला. चांगुणाबाई गेल्याचं मला कामवालीकडून कळलं.

या एप्रिलमध्ये नाल्याच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. रंजनाच्या मुलीची हळद. दुपारीच टेम्पो आला, खोके रचले गेले, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकामागून एक रागाची चिन्हं पडू लागली. सामंत अर्ज घेऊन वर आले. सगळ्यांच्या सह्या झालेल्या. ‘मॅडम, तुम्ही जा. तुम्ही त्यातल्या. टेक्निकल भाषेत सांगा म्हणजे ऐकतील. आम्हाला टेन्शन येतं या लोकांचं.’

‘या लोकांचं म्हणजे?’ मी विचारलं. ‘तुमचा फ्लॅट कोणाच्या शेतावर आहे?’

ते हसले. मी अर्ज घेतला आणि गेले. मला अर्ज द्यायचा नव्हता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं जे टाळलं, ते टाळायचा कंटाळा आला होता.

मांडवाशी पोचले तेव्हा तेच गाणं लागलं होतं. इतक्या जवळून मी ते कधी ऐकलं नव्हतं. जमीन हादरत होती. साउंडवाल्याच्या बाजूला रंजना उभी होती, हिरवी साडी, केसांत अर्धं पांढरं. तिने मला लगेच ओळखलं. म्हणजे बाजारातही ओळखलं असणार. तिने साउंडवाल्याला हाताने खूण केली आणि आवाज बंद झाला. एकदम शांत झालं. नाचणारी माणसं आमच्याकडे बघायला लागली.

मला वाटलं होतं ती बोलेल, आणि मी ऐकून घेईन. त्यासाठीच गेले होते. शिव्या खायची तयारी करून माणूस जातो तेव्हा त्याला स्वतःबद्दल बरं वाटत असतं.

ती माझ्या हातातल्या अर्जाकडे बघत म्हणाली, ‘आवाज कमी कराला आल्यात काय?’

‘नाही.’

ती थोडी पुढे आली. मागे तिची मुलगी पाटावर बसली होती, पिवळी, फोनमध्ये बघत. रंजनाने आवाज खाली आणला.

‘मना एक इचारायचा व्हता. लय दिवसांपासना,’ ती म्हणाली. ‘शेवटचा कडवा तुमच्याकडे असंल ना? माज्या आयचा? आजी म्हनायची, ती नाय बोलली. पन तुमची टेप तर चालूच असते.’

ती टोमणा मारत नव्हती. ती खरंच विचारत होती. तिला आशा होती की मी त्या दिवशी आणखी थोडं चोरलं असेल.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘ते त्या गायल्याच नाहीत.’

तिने मान हलवली, दोन-तीनदा. मग साउंडवाल्याकडे वळून म्हणाली, ‘लाव.’ त्याने लावलं, आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं.